मागून जोडलेली साखळी

‘बॅकवर्ड चेनिंग’ हा शब्द संगणकशास्त्रात आहे आणि विशेष मुलांच्या शिक्षणातही आहे. दोन्हीकडे साखळी मागून जोडली जाते, पण मागून म्हणजे नेमके काय, याचा अर्थ वेगळा आहे. तो फरक लक्षात न आल्यामुळे मुलांना शिकवताना चुका होतात, म्हणून आज त्याविषयी बोलणार आहे.

१९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मायसिन ही संगणकप्रणाली तयार झाली. जिवाणुसंसर्ग झालेल्या रुग्णाला कोणते प्रतिजैविक द्यावे, याचा सल्ला ती देत असे. तिच्यात ‘असे असेल तर तसे’ या स्वरूपाचे सुमारे ६०० नियम होते. ती निष्कर्षापासून मागे जात असे: अमुक जिवाणू आहे का हे ठरवायचे असेल, तर हा निष्कर्ष कोणकोणत्या नियमांच्या शेवटी येतो ते ती शोधत असे, त्या नियमांच्या अटी हेच पुढचे प्रश्न मानत असे आणि जिथे नियमांतून उत्तर मिळत नसे तिथे डॉक्टरांना विचारत असे. एखादा प्रश्न का विचारला, असे डॉक्टरांनी विचारले तर तो कोणत्या नियमासाठी हवा आहे हेही ती सांगू शके. ग्राहकाने मागवलेल्या व्हॅक्स संगणकाचे सुटे भाग जुळवणारी एक्सकॉन प्रणाली मात्र हाती असलेल्या माहितीपासून पुढे जात असे, कारण शेवटी कोणती जुळणी तयार होणार हे तिथे आधी ठाऊक नसे.

आता टी-शर्ट घालायला शिकणारे मूल पाहा. डोके घालणे, एक हात, दुसरा हात आणि मग छातीवर अडकलेला शर्ट कमरेपर्यंत ओढणे. पहिले तीन टप्पे आपण करून द्यायचे आणि शेवटचे ओढणे मुलावर सोपवायचे. ते जमले की दुसरा हातही त्याने घालायचा. शर्ट मात्र दरवेळी डोक्यातूनच चढतो. कृतीचा क्रम कधीच उलटत नाही, उलटतो तो आपली मदत काढून घेण्याचा क्रम. काही पालक मुलाकडून टप्पेच उलटे करवून घेतात, आणि मूल बिचारे गोंधळते. या पद्धतीचे बळ मला असे वाटते की काम पूर्ण होण्याचा क्षण पहिल्या दिवसापासून मुलाच्या वाट्याला येतो आणि प्रत्येक नवा टप्पा त्याला ओळखीच्या टप्प्यावर आणून सोडतो. भाकरी शिकवताना मी ती वापरणार नाही. तिथे शेवटी विस्तव आहे, म्हणून सुरुवात पीठ मळण्यापासूनच करावी.

मायसिनची रीत शिक्षकाच्या उपयोगी पडते ती शिकवण्याआधी, टप्प्यांची यादी करताना. बटण काजातून बाहेर यायचे असेल, तर एका हाताने कापड धरून ठेवता आले पाहिजे. त्यासाठी अंगठा आणि तर्जनीची चिमूट पक्की हवी. ती आहे का? नसेल, तर शर्ट बाजूला ठेवून आधी कपडे वाळत घालायचे चिमटे उघडायला द्यावेत.