मनकोसीचं वाय-फाय

नमस्कार श्रोतेहो. आज दक्षिण आफ्रिकेतल्या मनकोसीची गोष्ट, जिथं लोकांनी स्वतःच आपलं इंटरनेट उभं केलं.

आफ्रिकेतल्या खेड्यात कॉम्प्युटर पोचवायचे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. परदेशातून जुन्या कॉम्प्युटरांचा कंटेनर येतो, शाळेत फीत कापली जाते, फोटो निघतात. पुढे वीज नाही, दुरुस्तीला माणूस नाही, इंटरनेटचं बिल भरायला पैसा नाही. हत्ती दान मिळाला खरा, पण चारा कोण घालणार?

जुलै २००९ मध्ये सीकॉम कंपनीची समुद्राखालची इंटरनेट केबल पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरू झाली. तोवर तिकडचं इंटरनेट मुख्यतः उपग्रहावरून यायचं, ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली. महाग आणि संथ. केबल आल्यावर मोम्बासा, दार-ए-सलामसारख्या शहरांचं बरंचसं भागलं. पण विखुरलेल्या वस्तीसाठी टॉवर उभारणं कंपन्यांना परवडत नाही. उभारलाच, तरी हातावर पोट असलेला माणूस महिन्याचा पॅक कुठून घेणार? तो दिवसापुरता डेटा घेतो, आणि सुट्या मालाचा भाव नेहमीच चढा.

दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांतातल्या मनकोसीनं यातून वेगळी वाट काढली. खोसा बोलणाऱ्या लोकांचा हा टेकड्यांचा मुलूख. वेस्टर्न केप विद्यापीठाची मंडळी इथं आली, पण यंत्रं टाकून निघून गेली नाहीत. आधी गावप्रमुखांशी, मग लोकांशी बोलणी झाली. गावातलीच माणसं राउटर बसवायला शिकली. निवडक घरांवर सौर पॅनेल, आत बॅटरी, बाहेर उंचावर छोटा वाय-फाय राउटर. या टेकडीवरचं घर समोरच्या टेकडीवरच्या घराला दिसलं की झालं, सिग्नल घरोघर पुढे सरकतो. मधला एखादा राउटर बंद पडला, तर जमेल तिथं सिग्नल दुसऱ्या घरावरून वाट काढतो.

२०१४ मध्ये गावानं झेनझेलेनी नावाची सहकारी संस्था नोंदवली आणि दूरसंचार नियामकाकडून परवान्यातून सूटही मिळवली. सहकारी संस्था म्हणजे काय, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको. तिच्या सभांमधली भांडणंही आपल्याला ठाऊक आहेत!

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं कमाईचं गणित. संस्थेला पहिले पैसे इंटरनेटनं दिलेच नाहीत. बहुतेक घरांत वीज नव्हती, पण मोबाइल होते, आणि ते चार्ज करायलाही पैसे मोजावे लागत. राउटरला लागते त्याहून जास्त वीज पॅनेलवर तयार व्हायची. मग त्याच घरांत थोडक्या पैशांत मोबाइल चार्ज होऊ लागले. ते पैसे संस्थेच्या खात्यात जमा होत गेले आणि इंटरनेटचा धंदा जम बसेपर्यंत त्यावर तगून राहिला.

पुढे जवळच्या झिथुलेले गावानंही अशीच संस्था काढली. तिथं रुग्णालय आहे, त्यामुळे जोडणी घेणारं मोठं गिऱ्हाईक दाराशीच होतं.

नमस्कार.