मळसूत्रावर चालणारी गाडी

(दृश्य: 1924 सालची मूक फिल्म. बर्फाचं मैदान, समोरून येणारा ट्रॅक्टर.)

या ट्रॅक्टरच्या खाली नीट पाहा. चाकं नाहीत. रणगाड्यासारखा पट्टाही नाही. दोन्ही बाजूंना दोन लांबलचक पोकळ रूळ, म्हणजे आडवे दंडगोल, आहेत आणि त्यांच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पात्याचं वेटोळं. जणू भलंमोठं मळसूत्र, म्हणजेच स्क्रू. रूळ स्वतःभोवती फिरतात आणि ट्रॅक्टर बर्फ कापत पुढे येतो.

अशा गाडीचा व्हिडिओ दिसला की 'सोव्हिएत रशियाची अफलातून गाडी' असं म्हणून लोक तो पुढे पाठवतात. पण रशियाच्या कितीतरी आधी ही गाडी अमेरिकेतल्या शेताला आणि जंगलाला हवी होती. ज्यांचं रोजचं काम चिखलात, बर्फात रुतत होतं, त्यांच्यापासून ही गोष्ट सुरू होते.

(दृश्य: जुनी रेखाचित्रं.)

जेकब मोराथ मूळचा स्वित्झर्लंडचा, पुढे मिझुरी राज्यात सेंट लुईसला स्थायिक झालेला. एकोणिसाव्या शतकात त्याने नांगर ओढणारं यंत्र आखलं, ते मळसूत्रावर चालणारं. मळसूत्राच्या कडांना त्याने धार ठेवली होती. यंत्र पुढे जाता जाताच जमिनीतली मुळं तुटावीत, हा हेतू. चालणं आणि मशागत एकाच फेरीत! शेताचा विचार केल्याशिवाय असं सुचत नाही.

मग अमेरिकेतलंच मेन नावाचं राज्य. तिथले लाकूडतोडे हिवाळ्यात ओंडके बर्फावरून ओढून आणत. पीव्ही हे नाव त्यांच्या तोंडी आधीपासून होतं, कारण 1858 च्या सुमारास जोसेफ पीव्ही या लोहाराने ओंडके वळवायचा आकडा बनवला होता आणि त्या आकड्यालाच लोक 'पीव्ही' म्हणायला लागले होते. 1907 मध्ये जेम्स आणि आयरा पीव्ही यांनी बर्फावरून ओंडके ओढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे सुकाणूने वळणारी घसरगाडी, मागे दोन मळसूत्रं.

(दृश्य: रुळाचा जवळून शॉट. पातं हळूहळू फिरतंय.)

आता हे चालतं कसं? दिवाळीत चकल्या पाडायचा सोऱ्या आठवा. झाकण घट्ट बसलेलं असतं, म्हणून दांडा फिरवला की आट्यांवरून तो खाली सरकतो आणि पीठ दाबतो. इथे झाकणाचं काम बर्फ करतो. पातं बर्फात रुततं, बर्फ जागचा हलत नाही, मग रुळालाच पुढे जावं लागतं.

पण एकच रूळ असता तर गाडी फिरता फिरता बाजूला गडगडली असती. म्हणून रूळ दोन, आणि त्यांचे आटे एकमेकांच्या उलटे. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात ना, तसे. दोन्ही रूळ विरुद्ध दिशांना फिरतात. बाजूला जाणारे झटके एकमेकांना मारतात, उरतो तो फक्त पुढचा रेटा. वळायचं असेल तर एका रुळाचा वेग कमी करायचा. आणि रूळ पोकळ का? भार पसरावा, गाडी भुसभुशीत बर्फात बुडू नये म्हणून. पाण्यात हेच रूळ पडावासारखे तरंगतात. एकाच भागाने चाक, नांगर आणि नाव अशी तिन्ही कामं करावीत, हे मला आजही विलक्षण वाटतं.

(दृश्य: पुन्हा 1924 ची फिल्म.)

हा फोर्डसन ट्रॅक्टर. हेन्री फोर्डने 1917 पासून बनवलेला, शेतकऱ्याला परवडणारा. त्याची चाकं काढून त्या जागी असे रूळ बसवले आणि नाव दिलं 'स्नो मोटर'. आणि ही पाहा, शेवरले मोटार, तीही रुळांवर! कॅलिफोर्नियात ट्रकीहून टाहो सरोवराच्या उत्तर काठापर्यंत टपाल नेण्याचं काम अशाच एका गाडीने केलं. एक स्नो मोटर कॅलिफोर्नियातल्याच वूडलंड गावच्या संग्रहालयात जपली गेली.

मात्र खडकावर आणि पक्क्या रस्त्यावर पाती झिजतात, रस्ताही उखडतो. बाजार पट्ट्यांच्या गाड्यांनी घेतला.

(दृश्य: दलदलीतून जाणारी निळी गाडी.)

आणि ही ती रशियन गाडी. मार्च 1965 मध्ये वोस्खोद-2 हे सोव्हिएत अंतराळयान ठरलेली जागा सोडून रशियातल्या पर्मच्या जंगलात उतरलं. त्यातल्या लिओनोव आणि बेल्यायेव या अंतराळवीरांना खोल बर्फात दोन रात्री काढाव्या लागल्या आणि शेवटी स्कीवरून हेलिकॉप्टरपर्यंत जावं लागलं. त्यानंतर मॉस्कोच्या झिल या वाहन कारखान्यात विताली ग्राचेव यांच्या चमूने अंतराळवीरांना शोधून आणणाऱ्या गाड्या बांधल्या, त्यांतली एक मळसूत्रांवर चालणारी.

ती रस्त्यावरून स्वतः जात नसे. सहा चाकांच्या मोठ्या गाडीच्या पाठीवर बसून जायची. चाकांना पुढे जाता येईनासं झालं, की तिला खाली उतरवायचे.

(दृश्य: गाडी पाठीवरून उतरते, रूळ फिरू लागतात.)