आधी घोडा पाहा, पागा नंतर

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजं सुरू झाली की पुण्याहून, नागपूरहून मुलंमुली ग्वाल्हेरला शिकायला येतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुणा मामाकडे, आत्याकडे उतरतात. खोली मिळते, मेस लागते. गावी घोडेस्वारी शिकत असलेली एखादी भाची मग विचारते, "आत्या, इथं घोड्यावर बसायला कुठं शिकवतात?" शिंद्यांच्या गावात हे काय विचारायचं, असं आत्या म्हणते खरी, पण पत्ता तिलाही सांगता येत नाही.

तर मोबाइलवर शोधण्याआधी नालबंद गाठा. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर तासून पुन्हा ठोकावी लागते. कुठली पागा वेळेवर बोलावते आणि कुठली नाल गळून पडल्यावर, हे नालबंदाइतकं कुणाला ठाऊक नसतं. आपल्या कॉलेजला एन.सी.सी.चं रिमाउंट अँड व्हेटरनरी स्क्वाड्रन, म्हणजे घोड्यांची तुकडी, जोडलेलं आहे का, हेही विचारून घ्या. स्पर्धेपर्यंत जायचं असेल तर राज्याची घोडेस्वारी अकादमी भोपाळला आहे.

आणि पागेत गेलात की आधी घोडा पाहा. फाटक, फोटो, भिंतीवरचे चषक नंतर. आधी घोडा.

आता घोडा म्हटलं की महादजींची गोष्ट आलीच. १४ जानेवारी १७६१. पानिपतावर विश्वासराव पडले आणि फौज फुटली. महादजी शिंदे आपल्या दख्खनी घोडीवरून निघाले. घोडी देखणी, जातिवंत, पायाला हलकी. मागे लागला एक अफगाण स्वार, आणि त्याचा घोडा कसा? थोराड, बेढब, बघवणार नाही असा. महादजींनी टाच मारली की घोडी लांब निघून जायची, मागे कुणी दिसायचं नाही. मग ते लगाम खेचून तिला दम खाऊ द्यायचे. ती जरा सावरते न सावरते तोच मागे तो अफगाण हजर! पुन्हा टाच, पुन्हा दौड, पुन्हा थांबणं, आणि पुन्हा तोच बेढब घोडा. शेवटी घोडी थकली आणि एका चरात कोसळली. ती उठायच्या आत अफगाणानं गाठलं. कुऱ्हाडीचा घाव गुडघ्यावर बसला. अंगावरचे दागिने गेले, घोडीही गेली, आणि महादजींना तिथंच टाकून तो निघून गेला. पाय जन्माचा अधू झाला तो तेव्हा. पुढं राणेखान नावाच्या एका पखालजीनं, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्यानं, त्यांना पाहिलं, आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेत सुखरूप आणलं. महादजींनी त्याला भाऊ मानलं, सरदारकी दिली. आणि नंतर कितीतरी काळ ते सांगत, की झोपेत अजून तो अफगाण दिसतो, आपल्या देखण्या घोडीमागे रखडत येणारा तो बेढब घोडा दिसतो.

पुतळे मात्र आपण दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यांचेच करतो. राणेखानाच्या बैलाचा एखादा असायला हरकत नव्हती. असो.

घोडी हरली कुठं? दम खाण्यात. धाप कमी झाली म्हणजे घोडा सावरला असं नसतं. खरं काय ते नाडी सांगते. उभ्या, शांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. लांब पल्ल्याच्या शर्यतीत ती साधारण ६४ वर उतरल्याशिवाय पशुवैद्य घोडा पुढं सोडत नाहीत. तुम्हीही शिकवणी संपल्यावर उस्तादांना विचारून जबड्याच्या हाडाखाली आतल्या बाजूनं बोटं टेका, पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. दहा मिनिटं हळू चालवल्यावरही आकडा साठीच्या बराच वर असेल, तर घोडा नीट सावरलेला नाही; त्याला एकामागून एक स्वार वाहायला लावले असतील. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. शिकवणी सकाळी सातच्या आत आटपली पाहिजे.

मग पाठीवरून दोन्ही बाजूंनी हात दाबत न्या. घोडा पाठ खाली सोडत असेल, कान मागे पाडत असेल, तर खोगीर लागतंय. मानेमागच्या उंचवट्याशी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती जुनी जखम. ठिपके जुने असतील तर विचारा, ओली जखम असेल तर परत फिरा. वजनाचाही हिशेब करा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ नये. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो, त्यात आठ-दहा किलो खोगिराचेच.

शिकणाऱ्याला हवा अफगाणाचा घोडा. वयानं पोक्त, एका लयीत चालणारा, जरा कंटाळवाणा. पहिले काही दिवस उस्तादांनी लांब दोरीवर, गोल रिंगणात, वीस-तीस मिनिटंच फिरवलं पाहिजे. मांड तिथंच बसते. पहिल्याच दिवशी मोकळ्या रस्त्यावर सोडणारी पागा नको. वरातीतली घोडी सकाळी शिकवणीला जुंपणारी तर नकोच नको; रात्रभर डीजेपुढं उभं राहून तिच्यात काय उरणार! त्या डीजेवर बंदी आली तर घोड्यांआधी आपले कान वाचतील.

बूट इंचभर टाचेचा आणि सपाट तळाचा घ्या. बिनटाचेचा पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. टोपी हनुवटीखाली पट्टा असलेली, घोडेस्वारीचीच. सायकलची चालत नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवतो, म्हणून चार पावलं चालवून, बसायच्या आधी तो पुन्हा आवळा. हे विसरलं की खोगीर स्वारासकट पोटाखाली फिरतं. बेडई-जलेबीचा नाश्ता उतरल्यावर करायचा, आधी नाही.

पैसे सुरुवातीला शिकवणीगणिक द्या, मग महिन्याचे. वर्षाचे एकदम भरू नका. परीक्षेत आणि पावसात बुडालेल्या दिवसांचं काय, हे आधी लिहून घ्या. आणि धनुर्वाताची सुई राहिली असेल तर पहिल्या शिकवणीआधी टोचून घ्या, पागेची माती आहे ती. नमस्कार.