स्पीकरच्या तारेत किती पैसे घालावेत?

नमस्कार श्रोतेहो.

जेम्स रँडी नावाचे एक जादूगार अमेरिकेत होते. भोंदूंचं पितळ उघडं पाडणं हा त्यांचा उद्योग. अलौकिक शक्ती सिद्ध करून दाखवणाऱ्याला त्यांच्या संस्थेनं दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. 2007 साली हे बक्षीस त्यांनी चक्क स्पीकरच्या वायरीवर लावलं. पेअर नावाच्या कंपनीची 12 फुटी केबलची जोडी तेव्हा 7250 डॉलरला विकली जात होती. ती केबल कुठली आणि साधी चांगली केबल कुठली, हे नुसत्या कानांनी ओळखा आणि पैसे घेऊन जा, असं आव्हान. एक नावाजलेले ऑडिओ समीक्षक तयारही झाले. पण कंपनीनं केबल द्यायला नकार दिला, बरीच वादावादी झाली आणि चाचणी राहिली ती राहिलीच. म्हणजे त्यातून सिद्ध काहीच झालं नाही. तरी सात हजार डॉलरच्या तारेचा गुण ऐकू येणं ही अलौकिक शक्तीच म्हणायची, हा टोला अनेकांच्या जिव्हारी लागला.

झालेली चाचणी त्याच्या बरीच आधीची, 1983 ची. ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकानं तीन तारा घेतल्या: मॉन्स्टर कंपनीची तेव्हा गाजत असलेली जाड केबल, 16 गेजची साधी वायर आणि 24 गेजची अगदी बारीक तार (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). ऐकणाऱ्यांना कुठली जोडली आहे ते सांगायचं नाही. बारीक तार पकडली गेली, तीही मुख्यतः पिंक नॉइज म्हणजे एकसारख्या खळखळाटाच्या आवाजावर. 16 गेजची साधी वायर आणि मॉन्स्टर यांतला फरक मात्र गाणं लावल्यावर कुणालाही खात्रीनं सांगता आला नाही.

आता यात नवल काहीच नाही, कारण हिशेब सरळ आहे. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन तार झाली दहा मीटर. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा या लांबीला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, होतो साधारण 0.12 ओहम. समोर 8 ओहमचा स्पीकर. म्हणजे दीड टक्का. आवाज घटतो तो डेसिबेलच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा, आणि गाणं ऐकताना तो कानाच्या खिजगणतीतही नसतो. अडीच स्क्वेअर एमएम घेतलीत तर तेवढाही नाही. तार फारच बारीक आणि लांबलचक असेल तर मात्र गंमत होते. 8 ओहम लिहिलेला स्पीकर सगळ्या स्वरांना 8 ओहम नसतो, कुठे 5 असतो तर कुठे 20. तारेचा रोध वाढला की काही स्वर जास्त दबतात, काही कमी, आणि सगळ्या आवाजाचा पोत बदलतो. तेव्हा “तारेनं काही फरक पडत नाही” हेही तितकंच खोटं. पडतो, पण तो जाडीनं आणि लांबीनं पडतो. किंमत त्या गणितात कुठेच येत नाही.

ऑक्सिजनविरहित तांबं हा शब्द पाकिटावर मोठ्या अक्षरात असतो. विजेच्या तारांसाठी वापरलं जाणारं नेहमीचं तांबंही इतकं शुद्ध असतं, की दोघांच्या वाहकतेत फार तर एखाद्या टक्क्याचा फरक निघतो. खरी मेख दुसरीकडे आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला वायर घ्यायला गेलात तर आतली तार तांब्याचीच आहे ना, ते पाहून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली वायर दिसायला हुबेहूब तांब्यासारखी असते, पण तिची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. टोक ब्लेडनं खरवडलं की खालून चंदेरी रंग डोकावतो. (काही चांगल्या तांब्याच्या तारांना वरून कथलाचा मुलामा असतो. त्यांचं उलट, वरून चंदेरी आणि आतून तांबूस.)

आणि जोडताना घाई करू नका. एका स्पीकरची लाल-काळी तार चुकून उलटी लागली, की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. तबला लावून पाहा. डग्ग्याची घुमक गायब होते, गायक समोर बसलेला न वाटता खोलीभर विखुरतो. इतका ढळढळीत फरक मी कुठल्याही महागड्या केबलनं पडलेला ऐकलेला नाही. तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या स्क्रूला टेकला तर ॲम्प्लिफायरच धोक्यात येतो, म्हणून टोकं नीट पीळ देऊन बसवा.

केबल खरोखर महत्त्वाची ठरते ती टर्नटेबलला, म्हणजे तबकड्या वाजवणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरला. त्याच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, निघणारा विद्युतप्रवाह अगदी क्षीण. त्या तारेची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढली तर वरच्या पट्टीतले स्वर बदलतात, आणि वेष्टण म्हणजे शील्ड चांगलं नसेल तर विजेची 50 हर्ट्झची घरघर आत शिरते. इथे उत्तम शील्ड असलेली, आखूड केबल घ्यावी. तीही काही दागिन्याच्या भावात मिळत नाही. एचडीएमआय किंवा यूएसबी केबलचं उलटंच. तिथे आवाज आकड्यांच्या रूपात जातो. ते आकडे पोचतात किंवा गळतात. गळले तर आवाज तुटतो, खटखटतो. “खर्ज जरा मऊ झाला” असं काही त्या केबलमधून होत नाही.

मी आत्ता ज्या मायक्रोफोनसमोर बसलोय, त्याची केबल या टेबलाखालून भिंतीत जाते. चांगली, दणकट, शील्ड असलेली, पण साधीच. तुमच्या आवडत्या गायिकेच्या रेकॉर्डिंगच्या वेळीही अशाच केबल जमिनीवर पसरलेल्या असणार. त्या सगळ्या तारांतून आलेल्या आवाजाला शेवटच्या दोन मीटरमध्ये चांदीच्या तारेनं काय नवं मिळणार, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

तरीही “मला फरक ऐकू येतो” म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना तो ऐकू येतोच. तीस हजारांची तार लावली हे माहीत असताना आपण जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि लक्ष दिलं की तानपुऱ्याच्या तारा सुट्या-सुट्या ऐकू यायला लागतात. त्या आधीही वाजतच होत्या. शहानिशा करायची असेल तर घरातल्या कुणाला तरी पडद्यामागे बसवा. नाणं उडवून त्यांनी केबल ठरवायची, तुम्ही दहा वेळा ओळखायची. नुसत्या अंदाजानं नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एखादी. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर जरा मोठा वाजेल तो आपल्याला हमखास सरस वाटतो. आणि बाईसाहेबांचा किंवा साहेबांचा चेहरा दिसता कामा नये, तो फितूर होतो.

पैसे उरलेच तर आधी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून पाहा, याला तर काहीच लागत नाही. खाली फरशी असेल तर जाड सतरंजी टाका, खिडकीला पडदा लावा. वायर घेताना मापापेक्षा दोन-तीन फूट जास्तच घ्या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडी टोकं काही वर्षांत काळी-हिरवी पडतात. तेवढा इंचभर तुकडा कापायचा, नवं टोक सोलायचं आणि पुन्हा घट्ट बसवायचं.