चिप एकाची, बाजार दुसऱ्याचा

मंडळी, टेबलावर हे दोन बोर्ड ठेवलेत, दोन्ही जुन्या बाजारातून आणलेले. डावीकडचा व्हीसीडी प्लेअरचा. यावर डिस्क फिरवणारी चिप वेगळी, चित्र उलगडणारी वेगळी, टीव्हीला सिग्नल देणारी वेगळी. उजवीकडचा नंतरच्या काळातल्या डीव्हीडी प्लेअरचा. याचं काम कितीतरी अवघड, तरी मधोमध एकच मोठी चिप, शेजारी मेमरी आणि २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. बाकी बोर्ड जवळपास मोकळा. या मोकळ्या जागेत कोण जिंकलं आणि कोण हरलं, ते आज सांगायचंय.

आधी काम किती मोठं ते पाहू. त्या वेळच्या आपल्या टीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चित्रं. ते न दाबता साठवायचं तर सेकंदाला साधारण १२४ मेगाबिट लागतात. म्हणजे ४.७ जीबीची डीव्हीडी पाच मिनिटांत संपली! तीन तासांचा सिनेमा तिच्यात मावतो तो मुख्यतः डीसीटी या, चित्र दाबून लहान करायच्या गणितामुळे. १९७४ साली ते मांडलं बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी. ही तीन नावं आपल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात ठाऊक असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

हे गणित स्वस्त चिपमध्ये बसवायची शर्यत नव्वदच्या दशकात लागली. १९८८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली सी-क्यूब ही कंपनी त्यात पुढे होती. चीनमधला पहिला व्हीसीडी प्लेअर १९९३ साली तिच्याच चिपवर निघाला. मग ईएसएस ही दुसरी कंपनी स्वस्त चिप घेऊन उतरली, भाव कोसळले. २००१ साली सी-क्यूब एलएसआय लॉजिक या चिप कंपनीच्या पोटात गेली.

मीडियाटेकची चाल निराळी. तैवानच्या यूएमसी या चिप कंपनीतून १९९७ साली वेगळी झालेली ही कंपनी आधी सीडी ड्राइव्हच्या चिपा करायची, त्यामुळे डिस्क वाचण्यात तिचा हात बसलेला. तिने चिपसोबत बोर्डाचा आराखडा दिला, फर्मवेअर म्हणजे चिपला चालवणारं सॉफ्टवेअरही दिलं. कारखानदाराने खोका आणि रिमोट जोडायचा, की माल दुकानात. पुढे मोबाइलमध्येही तिने हेच केलं. माझ्या मते तिच्या यशात ट्रान्झिस्टरइतकाच वाटा या तयार आराखड्याचा आहे.

ओरखडे पडलेली डिस्क आठवा. चित्राचे चौकोन फुटतात, आवाज पुढे पळतो. डेटा तुटला तर मागच्या फ्रेममधला कोणता तुकडा उचलून लावायचा, आवाज आणि चित्र पुन्हा कुठे जुळवायचं, हे बरंचसं फर्मवेअर ठरवतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गिऱ्हाईक प्लेअर घेताना चिपचं नाव विचारत नव्हतं, ‘खराब सीडी चालते का?’ हेच विचारायचं.

आता लढाई एव्ही१ या व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धतीवर आहे. एचईव्हीसी या तशाच आधीच्या पद्धतीच्या पेटंटचे पैसे एकाहून जास्त गटांना द्यावे लागत होते. त्याला कंटाळून मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि २०१८ साली एव्ही१ खुलं झालं. पण चिपमध्येच डीकोडर, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणारा भाग, नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि फोनची बॅटरी भराभर उतरते.

पुण्यात चिपचं डिझाइन आणि व्हेरिफिकेशन करणारी हुशार मुलं-मुली आहेत. त्यांच्या हातून ब्लॉक, म्हणजे चिपचा एखादा भाग, तयार होतो, तपासला जातो आणि परदेशातल्या चिपमध्ये जाऊन बसतो. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: प्रोजेक्टसाठी एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा बसवता येणाऱ्या चिपवर, डीकोडर केलात, तर स्वच्छ फाइल चालली म्हणून थांबू नका. मुद्दाम बिट उडवलेली फाइल घाला, अर्ध्यात नेटवर्क तोडा, आणि तुमचा बोर्ड टीव्हीला जोडून दोन तास सलग चालवून दाखवा.