पीयूष पांडे: जाहिरात कोणाच्या भाषेत बोलते?

(थेट कॅमेऱ्याकडे.)

राजस्थानातला ओसाड रस्ता. त्यावरून एक खटारा बस हेलकावे खात चाललीय. आत माणसं, टपावर माणसं, दाराला आणि खिडक्यांना लोंबकळलेली माणसं. बस गदागदा हलतेय, पण एकही जण पडत नाही. बस पुढे निघून जाते आणि तिच्या मागच्या बाजूला रंगवलेली जाहिरात दिसते.

कशाची, ते मी सांगायची गरज आहे का? फेविकॉल! अख्ख्या फिल्ममध्ये कोणी म्हणत नाही की आमचा गोंद बघा किती घट्ट चिकटतो. 2002 मध्ये या जाहिरातीला कान्सच्या जाहिरात महोत्सवात सिल्व्हर लायन हा पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक प्रसून पांडे, आणि आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते त्यांचे थोरले भाऊ, पीयूष पांडे.

24 ऑक्टोबर 2025 ला ते मुंबईत गेले, तेव्हा सगळीकडे 'ॲडगुरू' हा शब्द फिरत होता. मला तो फारसा पटत नाही. गुरू म्हटलं की बोलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. या माणसाची खरी ताकद ऐकण्यात होती.

जन्म 1955 चा, जयपूरचा. घरात नऊ भावंडं, गायिका इला अरुण त्यांतल्याच एक. म्हणजे घरातच गाणी, गप्पा, गोंगाट. राजस्थानकडून रणजी खेळले. मग कोलकात्यात चहाच्या कंपनीत टी टेस्टर, म्हणजे दिवसभर चहाचे घोट घेऊन चव ठरवायची. आणि 1982 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, ओगिल्वी या जाहिरात कंपनीत.

पण लेखक म्हणून नाही हं! क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये. म्हणजे क्लायंटला काय हवंय ते क्रिएटिव्हवाल्यांना सांगायचं, क्रिएटिव्हवाल्यांनी काय केलंय ते क्लायंटच्या गळी उतरवायचं, आणि दोन्हीकडून बोलणी खायची.

त्या काळातलं मुंबईचं जाहिरातविश्व बरंचसं इंग्रजीत विचार करायचं. आधी इंग्रजी ओळ, मग तिचं हिंदी, मग बाकीच्या भाषा. अशा ओळी व्याकरणात चुकत नाहीत. फक्त तसं कोणी बोलत नाही! पांडेंना मात्र बाजारात, घरात, मैदानावर ऐकलेली हिंदी येत होती. ती ऑफिसात कामाची आहे, हे ओळखलं त्यांचे वरिष्ठ सुरेश मलिक यांनी. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या एका फिल्मसाठी गाणं हवं होतं. पांडे लिहायचे, मलिक नाकारायचे. पुन्हा लिहायचं, पुन्हा नकार. शेवटी जे उरलं ते 15 ऑगस्ट 1988 ला दूरदर्शनवर लागलं: 'मिले सुर मेरा तुम्हारा'. सुरुवातीला पंडित भीमसेन जोशी, आणि संगीतात लुई बँक्स यांच्याबरोबर आपले अशोक पत्की.

आता परत फेविकॉलकडे येऊ, कारण माझ्या मते पांडेंचं सगळं तत्त्वज्ञान त्या डब्यात आहे.

(डबा टेबलावर.)

फेविकॉल 1959 चा. त्याआधी सुतार सरस नावाचा गोंद वापरायचे. तो गरम करून वितळवायचा, वास सहन करायचा, आणि गार व्हायच्या आत काम उरकायचं. आता सांगा, घरात कपाट करून घेताना गोंद कुठला वापरायचा हे कोण ठरवतं? तुम्ही? नाही. तुम्ही सनमायकाचा रंग ठरवता. गोंद सुतार ठरवतो. म्हणजे खरा ग्राहक तो. दिवाणखान्यात हसणारं गोरंगोमटं कुटुंब दाखवून त्याला काय फरक पडणार? म्हणून या जाहिरातींत कष्टकरी माणसं आहेत, गावाकडचे चेहरे आहेत, आणि विनोद असा की तो समजायला शाळेत जावं लागत नाही. मुख्य म्हणजे त्या माणसांना हसत नाहीत, त्यांच्याबरोबर हसतात. पुढे आम्हीही हसलो, आणि गोंदाला 'फेविकॉल' म्हणायला लागलो.

कॅडबरीचं उलटं होतं. चॉकलेट लहान मुलांचं, मोठ्यांनी खाल्लं तर लाज. हा अडसर काढायचा कसा? 'मोठ्यांनो, तुम्हीही खा' असं सांगून कोणी खात नाही. म्हणून 1994 च्या त्या फिल्ममध्ये एक तरुणी सुरक्षारक्षकाला चुकवून क्रिकेटच्या मैदानात धावत येते आणि भान विसरून नाचते. वेडंवाकडं, अगदी आपण घरी नाचतो तसं. आवाज शंकर महादेवन यांचा. ती चॉकलेट कशी खाते हे कोणाच्या लक्षातही नाही, तो नाच लक्षात आहे.

2014 ची 'अब की बार मोदी सरकार' ही ओळही त्यांच्याच नावावर आहे. इथे मात्र मी जरा अडखळतो. गोंद विकणाऱ्या कसबाने सरकार विकावं का? राजकारण बाजूला ठेवूनही हा प्रश्न मला पडतो. पण ओळीची बांधणी बघा: कुठलंही वाक्य घ्या, यमक जुळवा, पुढे ती जोडा. लोक स्वतःच जाहिराती बनवत सुटले.

आणि आता आपल्या घरची तक्रार. पांडेंच्या पिढीने हिंदीला इंग्रजीच्या भाषांतरातून सोडवलं. मराठी अजून रांगेत उभी आहे. 'आपके परिवार के लिए' चं 'आपल्या परिवारासाठी' करून आमच्यासमोर ठेवतात. अहो, आम्ही 'घरच्यांसाठी' म्हणतो!

लूना आठवते? पायडल मारून चालू करायची. पुण्याच्या फिरोदियांची गाडी, 1972 पासून आपल्याच रस्त्यांवर. तिची ओळही पांडेंचीच: 'चल मेरी लूना'. माझ्या वडिलांची लूना चढावर दमली की ते तिला हेच म्हणायचे. भर सदाशिव पेठेत, हिंदीत.