पिग्मीची वही : माहितीची सुरक्षा आणि माहितीचे खासगीपण

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आजच्या विषयाला मी संगणकापासून सुरुवात करणार नाही. आपल्या बेळगावच्या खडेबाजारात रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरून पिग्मीचे, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्या कलेक्टरपासून करणार आहे. पिग्मी आपल्याला घरचीच वाटते आणि ते स्वाभाविक आहे, कारण 1928 साली उडुपीच्या ज्या बँकेने ही ठेव सुरू केली, तीच पुढे सिंडिकेट बँक म्हणून कर्नाटकभर ओळखली गेली, आणि तेव्हा दिवसाला दोन आणे घेऊन जाणारा माणूस असाच दारात येत असे. त्याच्या हातात पैशांची पिशवी असते आणि काखेत वही. आता दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पहिल्या प्रसंगात रविवार पेठेच्या वळणावर कोणीतरी ती वही हिसकावून पळतो. दुसऱ्या प्रसंगात वही सुखरूप आहे, एक पानही गहाळ नाही, हिशोब पैशापर्यंत जुळतो आहे. फक्त कलेक्टर चहा पिता पिता एका कापड दुकानदाराला सांगून जातो की, तुमच्या शेजाऱ्याचा धंदा बसलेला दिसतो, रोजचे पाचशे भरायचे ते आता शंभरावर आले आहेत.

पहिल्या प्रसंगात सुरक्षा मोडली. दुसऱ्यात काहीच चोरीला गेले नाही, वही ज्याच्याकडे असायला हवी त्याच्याकडेच होती, तरीही त्या शेजाऱ्याचे नुकसान कदाचित अधिक मोठे आहे, कारण ही बातमी घाऊक व्यापाऱ्याच्या कानी गेली की त्याला उधारीवर माल मिळणे बंद होईल. सायबर सुरक्षा आणि माहितीचे खासगीपण यांतला फरक एवढाच आहे. बाहेरच्याला आत येऊ न देणे हे सुरक्षेचे काम. जो आत आहे त्याने त्या माहितीचे काय करावे आणि मुळात ती त्याने घ्यावी का, हा खासगीपणाचा प्रश्न.

मराठीत हा फरक निसटतो, त्याला आपला शब्दही थोडा कारणीभूत आहे. ‘प्रायव्हसी’साठी आपण सर्रास ‘गोपनीयता’ म्हणतो. पण मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतो तेव्हा तो सरकारचे गुपित राखण्याची हमी देत असतो. गुपित आणि खासगी या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरात कोण आजारी आहे हे गल्लीतल्या चार घरांना माहीत असते, ते काही गुपित नसते, तरी ते खासगी असते, आणि औषध कंपनीच्या माणसाने त्यावरून दारात यावे असे आपल्याला वाटत नाही. म्हणून मी आज ‘खासगीपण’ हाच साधा शब्द वापरणार आहे.

सुरक्षेचे काम करणारा माणूस तीन गोष्टींवर लक्ष ठेवतो : माहिती नको त्याच्या हाती पडू नये, तिच्यात कोणी गुपचूप फेरफार करू नये आणि हवी तेव्हा ती मिळावी. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांनी एटीएमच्या मागण्यांना बँकेच्या नावाने स्वतःच खोटी मंजुरी देणारी यंत्रणा मध्ये घुसवली, आणि देशोदेशींच्या एटीएममधून व इतर मार्गांनी मिळून सुमारे 94 कोटी रुपये काढले गेले. त्यातली काही रक्कम आपल्या शेजारच्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर बंद पाडण्यात आले, तेव्हा आठवडाभराहून अधिक काळ केसपेपरपासून तपासणीच्या अहवालांपर्यंतची कामे हाताने करावी लागली. दोन्ही ठिकाणी हल्लेखोर बाहेरचा होता आणि गुन्हा कोणालाही ओळखू यावा असा होता.

खासगीपणाचा भंग मात्र असा सहज ओळखू येत नाही. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात, जे 2018 मध्ये उघडकीस आले, फेसबुकचे कुलूप कोणी तोडले नव्हते. काही लाख लोकांनी व्यक्तिमत्त्व चाचणीचे एक ॲप घेतले, आणि त्या काळच्या फेसबुकच्या नियमांनुसार त्या ॲपला त्यांच्या मित्रांचीही माहिती मिळाली; अशा रीतीने फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती राजकीय प्रचाराच्या धंद्यात पोहोचली. यंत्रणा ठरल्याप्रमाणेच चालली होती, आणि दोष नेमका त्यातच होता.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचा पाया मिळाला तो 24 ऑगस्ट 2017 रोजी, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्या खटल्याला ज्यांचे नाव आहे ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते, हे बेळगावच्या व्यासपीठावरून सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. पुढे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात एक गंमत आहे. कायदा खासगीपणाचा, पण त्यातला सर्वांत मोठा दंड, 250 कोटी रुपयांपर्यंतचा, माहितीच्या सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्याबद्दल आहे. ‘तुमची माहिती आम्ही फक्त कर्जाच्या कामासाठी वापरू’ असे वचन एखाद्या संस्थेने मनापासून दिले, आणि तिच्या संगणकाचा पासवर्ड टेबलावरच्या काचेखाली कागदावर लिहून ठेवलेला असेल, तर त्या वचनाचा उपयोग काय, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

सुरक्षेवाचून खासगीपण टिकत नाही, हे समजायला सोपे आहे. याची उलट बाजू मात्र कमी लोकांच्या ध्यानात येते : खासगीपण गेले की सुरक्षाही ढासळते. यासाठी मी तुम्हाला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेतो. आपण जमिनीचे खरेदीखत करतो तेव्हा त्यावर अंगठे उठवतो, आधार क्रमांक देतो, आणि तो दस्त पुढे संगणकावर चढतो. व्यवहार पारदर्शक असावेत म्हणून दस्तांच्या प्रती लोकांना मिळाव्यात, हा हेतू चांगलाच आहे. पण तेलंगणात 2018 साली एका सिमकार्ड विक्रेत्याने असे दस्त उतरवून घेऊन त्यांवरून रबराचे नकली अंगठे बनवले आणि लोकांच्या नावावर सिमकार्डे चालू केली. कर्नाटकातही 2023 मध्ये खरेदीखतांवरून ठसे उचलून बँक खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी पोलिसांकडे आल्या. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहाराला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. दस्तावर या गोष्टी एकाच कागदावर जवळजवळ जुळलेल्या मिळतात. बँकेची यंत्रणा अभेद्य असली तरी तिची किल्ली कोणीतरी जाहीर फळ्यावर टांगून ठेवली होती, आणि ही किल्ली अशी की हरवली तरी दुसरी घडवता येत नाही. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या कॅम्पातल्या लोकांना लगेच पटेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातले जवान पहाटे धावताना आपण पाहतो. धावण्याचे अंतर मोजणाऱ्या स्ट्राव्हा नावाच्या ॲपने नोव्हेंबर 2017 मध्ये जगभरच्या धावणाऱ्यांच्या वाटांचा एक झगझगीत नकाशा प्रसिद्ध केला, नावे वगळून. दोन महिन्यांनी एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले की अफगाणिस्तान आणि सीरियातल्या ओसाड भागांत जिथे रेषा उजळलेल्या दिसतात, तिथे लष्करी तळ आहेत. तळाला काटेरी तारा होत्या, पहारा होता; तळाचा नकाशा जवानांच्या मनगटावरूनच बाहेर गेला. नावे काढून टाकली म्हणजे माहिती निरुपद्रवी होते, ही समजूत त्या दिवशी पुष्कळांची गेली असावी.

सुरक्षा आणि खासगीपण यांचे भांडणही होते, तेही सांगितले पाहिजे. सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल 2022 मध्ये आदेश काढला की हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत द्यावी, यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपाव्यात आणि इंटरनेटवरचा माग झाकणारी व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी. तपासासाठी नोंदी हव्यात हे उघड आहे; पण जी सेवा लोक आपला माग राहू नये म्हणून घेतात तिनेच माग जपायचा म्हटल्यावर काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. मला स्वतःला पहिल्या दोन अटी रास्त वाटतात, तिसरी वाटत नाही. साठवलेली प्रत्येक यादी ही चोरासाठीही यादीच असते.

आपल्या सीमाभागात या विषयाला भाषेचा एक पदर आहे. 2023 च्या कायद्यानुसार जिथे तुमची संमती घेतली जाते तिथे कोणती माहिती कशासाठी हवी याची सूचना द्यावी लागते, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहे, कन्नडही आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर निपाणीच्या किंवा खानापूरच्या मराठी बाईने न वाचता येणाऱ्या मजकुराखाली केलेली सही ही संमती मानायची का, हा प्रश्न राहतोच. सुरक्षेचेही तेच. ‘हा ओटीपी कोणाला सांगू नका’ हे वाक्य ज्याला वाचता येत नाही, त्याच्या फोनवर ते कितीदा आले तरी कुलूप उघडेच आहे.

माझी आत्या खानापूर तालुक्यात राहते. तिने गावातल्या एका केंद्रात योजनेसाठी अर्ज भरला, तेव्हा तिथल्या मुलाने आधार, रेशनकार्ड आणि पासबुक या तिन्हींचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढून घेतले. मुलगा चांगला आहे, वाईट हेतू असेल असे मला वाटत नाही. पण तो मोबाईल उद्या विकला जाईल, हरवेल, दुरुस्तीला जाईल. मी घाबरून आत्याच्या आधारचे बोटांचे ठसे लॉक करून टाकले. पुढच्या महिन्यात ती रेशनच्या दुकानात गेली, अंगठा लावला आणि यंत्राने तिला नाकारले. धान्य न घेता ती परत आली आणि तिने मला फोन केला. आता दर महिन्याला रेशन यायच्या दिवशी मी बेळगावहून तिचे ठसे थोड्या वेळापुरते उघडतो आणि तिने पोते घरात ठेवल्याचे सांगितले की खात्री करून घेतो की ते पुन्हा बंद झाले आहेत.